अब्दालीची कबर आणि शेजारचं दार

बागेवर तेल्या रोग आला त्या वर्षी सासऱ्यांनी डाळिंबाच्या बागेतून एक चक्कर मारली, ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "पानिपत झालं." सांगोल्याकडे असंच बोलतात. लढाईची तारीख विचारली तर घुटमळतील, पण शब्द प्रत्येकाच्या तोंडी आहे. मी सव्वीस वर्षं सातवीला इतिहास शिकवला. १४ जानेवारी १७६१, सदाशिवरावभाऊ, विश्वासराव आणि समोर अहमदशाह अब्दाली. तो धडा घेताना वर्गात चिडीचूप शांतता असायची.

हा अब्दाली कंदाहारात पुरलेला आहे, आणि डाळिंबं म्हटलं की जगात कंदाहारचं नाव घेतात. निवृत्तीनंतर आम्हा नवराबायकोला तिथे जायला एवढं पुरेसं होतं. "कंदाहारला चाललोय" म्हटल्यावर मावससासूबाईंना नांदेडजवळचं कंधार वाटलं. त्यांना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी देवापुढे नारळ ठेवला.

२०२४ च्या ऑक्टोबरात गेलो. काबूलचे तीन दिवस धूळ, नान आणि हिरव्या चहात गेले, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. तिथे बाईला लांबच्या प्रवासात नवरा, बाप, भाऊ असा कुणीतरी जवळचा पुरुष सोबत लागतो, त्याला महरम म्हणतात. पस्तीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याला बऱ्याच नावांनी हाक मारली, हे नाव मात्र त्याला पहिल्यांदाच मिळालं आणि मला ते टोचलं.

काबूल ते कंदाहार जवळजवळ पाचशे किलोमीटर. रस्ता जागोजाग उखडलेला. सुरुंगांनी पडलेले खड्डे काही ठिकाणी बुजवलेत, काही ठिकाणी गाडी सरळ शेतात उतरवून वळसा घालावा लागतो. आमचा वाटाड्या पुण्यात बी.कॉम. झालेला. मला "ताई" म्हणायचा, आणि पुण्यातल्या मिसळीची चौकशी करायचा. गाडी चालवणारा पन्नाशीचा, अबोल. (दोघांचीही नावं मी लिहिणार नाही. कारण वाचणाऱ्याला कळेल.)

गझनी मागे पडल्यावर मी म्हटलं, "रस्ता वाईट आहे, पण भीती नाही वाटत." वाटाड्याने ते पश्तूत सांगितलं. चालक पहिल्यांदाच मागे वळून बोलला, आणि त्यातला एक शब्द मला तसाच कळला. पाटक. म्हणजे नाका. आपलं फाटकच ते.

त्यानंतर कलातपर्यंत तो बोलत राहिला. हा सगळा लेख मी त्या दोन-अडीच तासांसाठी लिहितेय.

१९८९ मध्ये रशियन फौजा गेल्या, १९९२ मध्ये रशियनांच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्लाचं सरकार पडलं, आणि रशियनांशी लढलेले कमांडर एकमेकांशी लढू लागले. काबूलवर तोफा डागल्या गेल्या. कंदाहारचे त्यांनी वाटे करून घेतले. हा चालक तेव्हा विशीतला, मामाच्या ट्रकवर क्लीनर. कंदाहारहून सीमेवरच्या स्पिन बोल्दाकमार्गे पलीकडे पाकिस्तानात चमन आणि क्वेट्ट्याला डाळिंबं, बेदाणे न्यायचे. रस्त्यावर आडवी साखळी, दोन बंदूकवाले, पैसे द्या की साखळी खाली. थोडं पुढे दुसऱ्या कमांडरची साखळी. "मोजायचं सोडून दिलं होतं," तो म्हणाला. पैसे संपले की माल उतरवून घ्यायचे. मामा त्याच्या चेहऱ्याला ग्रीस फासून त्याला मागच्या पोत्यांत बसवायचा, कारण नाक्यावरून कोवळी पोरंही उचलून नेत. हे सांगताना त्याने आरशातून आमच्याकडे बघितलं नाही.

डाळिंबाचा माल रस्त्यात दोन दिवस अडकला तर काय होतं, हे आमच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. नवऱ्याने एवढंच विचारलं, "कॅरेटमध्ये की पोत्यात?" पोत्यात, असं उत्तर आलं, आणि दोघंही गप्प झाले.

मग १९९४. कंदाहारच्या पश्चिमेला संगीसार नावाचं गाव आहे. तिथल्या छोट्या मशिदीत मुल्ला उमर शिकवायचा. रशियनांशी लढताना एक डोळा गेलेला. गोष्ट अशी सांगतात की एका कमांडरने दोन मुली पळवल्या, उमर तीसेक विद्यार्थी घेऊन गेला, मुली सोडवल्या आणि त्या कमांडरला रणगाड्याच्या नळीला फाशी दिली. तालिब म्हणजे विद्यार्थी, तालिबान हे त्याचं अनेकवचन. ही गोष्ट किती खरी आणि किती नंतर घडवलेली, यावर जाणत्यांत वाद आहेत. चालकाला मात्र त्यात काडीची शंका नव्हती.

ज्यात वाद नाही, ते असं. त्या ऑक्टोबरात त्यांनी स्पिन बोल्दाक घेतलं. पाकिस्तानचे गृहमंत्री नसिरुल्ला बाबर यांना मध्य आशियाकडे जाणारा व्यापाराचा रस्ता हवा होता. त्यांनी धाडलेला तीस ट्रकांचा ताफा कंदाहारजवळच्या कमांडरांनी अडवला, तालिबानने तो सोडवला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कंदाहारच ताब्यात घेतलं. साखळ्यांना कंटाळलेल्या ट्रकमालकांनी थैल्या मोकळ्या केल्या. सीमेपलीकडच्या निर्वासित छावण्यांतल्या मदरशांमधून हजारो पोरं येऊन मिळाली. ती युद्धात जन्मलेली, आई-बहिणींपासून दूर मदरशात वाढलेली, आपला म्हणून कुठला गाव न बघितलेली. त्यांना एकच गोष्ट नीट शिकवली होती.

"पहिल्या हिवाळ्यात ते नाक्यावर उभे राहायचे, पण पैसे मागायचे नाहीत," चालक म्हणाला. "आम्ही गाडी थांबवून त्यांना डाळिंबं दिली. आपण होऊन दिली."

मी विचारलं, त्याच हिवाळ्यात कंदाहारच्या मुलींच्या शाळाही बंद केल्या ना? वाटाड्या प्रश्न पोचवायला जरा थबकला. पोचवला. चालक बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला.

"तेव्हा मला मुली नव्हत्या."

मी त्या माणसाला दोष देऊ शकले नाही, आणि माफही करू शकले नाही. गाडीत बसल्या बसल्या मला एक गोष्ट फार लागली. दोन तासांपूर्वी मी जे म्हटलं होतं, रस्ता वाईट आहे पण भीती नाही, अगदी तेच त्याने १९९४ मध्ये म्हटलं होतं. मीही त्याच मोकळ्या रस्त्याने निवांत चालले होते. वर्गात मी पोरांना विचारायचे, लोकांनी अशा राजवटीला साथ का दिली असेल? उत्तरं पुस्तकातली यायची. यापुढे शिकवायची वेळ आली तर मी ग्रीस फासलेल्या पोराची गोष्ट सांगेन आणि पुढचा प्रश्न सोडून देईन.

कंदाहारात दोन दिवस होतो. रस्त्यावर बायका अगदी तुरळक. अर्घंदाबच्या खोऱ्यातल्या बागा मात्र डोळ्यांत मावत नाहीत. नवऱ्याने फळ फोडून दाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, "आपला भगवा वाण गोड आहे, पण हे वेगळंच." त्याच्याकडून एवढं म्हणजे फार.

अब्दालीची कबर शहराच्या मध्यात आहे. आठकोनी इमारत, निळसर घुमट. लोक त्याला अहमदशाह बाबा म्हणतात. इथेच १७४७ मध्ये त्याला राजा निवडलं, १७७२ मध्ये तो वारला. मी मनात काय काय घेऊन गेले होते. त्या कबरीपुढे एक बाप आपल्या छोट्या पोराला दोन्ही हात कसे उचलायचे ते शिकवत होता. मी भाऊंचं नाव मनात घेतलं आणि बाहेर आले.

बाहेर त्याच आवारात दुसरं दार आहे. खिरका शरीफ. पैगंबरांचा म्हणून मानलेला अंगरखा तिथे कुलपात ठेवलेला आहे, तो इथे आणला अब्दालीनेच. पिढ्यान् पिढ्या तो क्वचितच कुणाच्या नजरेला पडला. एप्रिल १९९६ मध्ये उमरने तो बाहेर काढला, एका इमारतीच्या छपरावर उभा राहिला आणि जमलेल्या शेकडो मुल्लांसमोर तो अंगाभोवती घेतला. त्यांनी त्याला अमीर-उल-मोमिनीन म्हटलं, सगळ्या श्रद्धावंतांचा सरदार. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २७ सप्टेंबरला, काबूल पडलं.

त्या दाराकडे बघताना माझ्या मनात एवढंच आलं की नाके हटवणाऱ्या माणसाला लोक प्रश्न विचारू शकले असते. हिशेब मागू शकले असते. अंगरखा पांघरलेल्याला कोण विचारणार? रस्त्याने मिळवलेला विश्वास त्या दिवशी छपरावर कायमचा कुलूपबंद झाला. २००१ मध्ये त्यांची सत्ता गेली, ऑगस्ट २०२१ मध्ये परत आली, आणि आजही त्यांचा सर्वोच्च नेता बसतो तो कंदाहारातच. मुलींच्या शाळांवरचा शेवटचा शब्द त्याचाच. २३ मार्च २०२२ ला मोठ्या मुलींच्या शाळा उघडल्या आणि काही तासांत पोरींना रडत घरी पाठवलं. त्याच वर्षी डिसेंबरात विद्यापीठंही गेली.

शेवटच्या रात्री वाटाड्याने घरी जेवायला नेलं. नवरा बाहेरच्या बैठकीत पुरुषांबरोबर, मी आत. वाटाड्याची बायको क्वेट्ट्याला निर्वासित म्हणून वाढलेली, त्यामुळे तिचं आणि तिच्या मुलीचं उर्दू छान होतं. इतकं आग्रहाने वाढणं मी आमच्या पंढरपूरकडच्या वारीच्या पंगतीनंतर कुठे बघितलं नाही. भात संपू देईनात.

मुलगी तेरा वर्षांची. "खाला, तुम्ही काय करायच्या?" शिकवायचे, मी म्हटलं. "कुठल्या वर्गाला?"

सातवीला. शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं. ही पोर गेल्या वर्षी सहावी झाली होती. तिथे मुलींना सहावीपर्यंतच.

तिची आई ताटं उचलायला लागली. मुलगी मात्र सरसावून बसली. "सातवीत काय असतं?"

मी सांगितलं की आमच्या सातवीत तुमचे अहमदशाह बाबा असतात. तिचा विश्वास बसेना. मग डाळिंबाच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, त्यावर यमुना काढली, कुंजपुरा, पानिपत, आणि पार खाली पुणे. कंदाहार तिने स्वतः काढलं. भाऊंचं सैन्य अन्नावाचून कसं अडकलं, ते सांगितलं. कोण जिंकलं हे तिला माहीत होतं, पण हरलेल्यांच्या घरी अजून ती संक्रांत आठवतात हे माहीत नव्हतं. "आणि तो?" मी म्हटलं, तो जिंकला आणि दोन-तीन महिन्यांत परत निघाला, इथेच आला. तिने पुठ्ठ्यावर परतीची रेघ ओढली.

बाहेरून नवऱ्याची हाक आली, उशीर झालाय. मुलीने पुठ्ठा उलटा केला. दुसरी बाजू कोरी होती.

"आणि आठवीत?"

मी नवऱ्याला थांबायला सांगितलं. साडेअकरा वाजले तेव्हा आम्ही १८५७ पर्यंत आलो होतो.