कोकणातल्या उकाड्यात रंगीत प्रिंट

गुहागरला घरी फिल्मच्या निगेटिव्हवरून, रसायनांत धुऊन रंगीत प्रिंट काढतो म्हटलं की फोटोवाली मंडळी हमखास विचारतात, ‘या उकाड्यात तापमान सांभाळता कसं? एसी आहे का?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. एसी नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

उकाड्याला घाबरावं कृष्णधवलवाल्यांनी. त्यांच्या रसायनांचं सगळं गणित २० अंशांचं, आणि आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच तिशीच्या घरात. रंगीत कागद धुण्याची आरए-४ नावाची प्रक्रिया मुळात ३५ अंशांची: चित्र उमटवणारा डेव्हलपर ४५ सेकंद, उरलेली चांदी काढून चित्र पक्कं करणारं ब्लिक्स ४५ सेकंद, मग धुणं. थंड मुलखातले लोक हीटर लावून जिथे पोचतात, त्याच्या जवळपास आमची हवाच आणून सोडते. उरलेलं काम न्हाणीतला बंब करतो. घंगाळात कढत पाणी, त्यात विसण, आणि त्या पाण्यात रसायनांच्या बंद बाटल्या. थर्मामीटर मात्र घंगाळात नाही, डेव्हलपरच्या बाटलीत बुडवायचा. ड्रममध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या बंद डब्यात, कागद घातला की आधी तेच कोमट पाणी अर्धा मिनिट फिरवून ओतून टाकायचं, नाहीतर गार ड्रम डेव्हलपरची ऊब खातो.

तरी ३५ या आकड्याचं सोवळं नको. सी-४१ची, म्हणजे रंगीत निगेटिव्हची फिल्म ३७.८ला धुताना पाव अंशही जपावा लागतो. कागद तेवढा नाजूक नाही. चाचणीची पट्टी आणि शेवटचा प्रिंट एकाच तापमानाला, तेवढाच वेळ धुतले गेले पाहिजेत, एवढंच. ते चुकलं तर एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, रंगीत फिल्टरचे आकडे कितीही फिरवा, रंग हाती लागत नाही.

मला विचाराल तर इथे खरा त्रास व्होल्टेजचा. संध्याकाळी गावभर दिवे-पंप सुरू झाले की एन्लार्जरचा दिवा किंचित पिवळा पडतो, आणि त्याच फिल्टरवर प्रिंट निळसर नि फिका येतो. फ्रिजचा साधा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उड्या मारतो, म्हणून सर्व्हो प्रकारचा घ्या. मी तो असूनही रात्री जेवणं उरकल्यावरच बसतो.

रसायनांचं थोडक्यात. डेव्हलपर अल्कधर्मी, ब्लिक्स आम्लधर्मी. मधे स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारं आंबट पाणी, नसेल तर डाग पडतात. वाण्याकडचं पांढरं व्हिनेगर, एकास दोन पाणी, पुरतं. ब्लिक्सचे चार थेंब डेव्हलपरमध्ये गेले तर तो गेलाच समजा, म्हणून मापं वेगळी ठेवा. डेव्हलपरची बाटली काठोकाठ भरलेली हवी. आत हवा राहिली की तो चहाच्या रंगाचा होतो, आणि उन्हाळ्यात लवकरच होतो. खाडीलगतच्या विहिरी मेमध्ये मचूळ होतात. या कागदावर सिल्व्हर क्लोराइड असतं आणि मिठातल्या क्लोराइडने डेव्हलपर मंदावतो, म्हणून त्यात विहिरीचं पाणी नको, बाटलीचं घाला.

ओल्या प्रिंटवर रंगाचा निवाडा करू नका. ओला असताना त्यावर निळसर झाक असते. पावसाळ्यात इथे काही वाळत नाही, तेव्हा पट्टीवर सरळ हेअर ड्रायर धरायचा. मग प्रिंट गुलाबीकडे, म्हणजे मॅजेंटाकडे झुकला असेल तर मॅजेंटा फिल्टर वाढवा. नवख्यांना हे उलटं वाटतं, पण निगेटिव्हवरून छापताना असंच असतं.

आणि आमच्याकडे न्हाणीचं पाणी सरळ माडाच्या आळ्यात जातं. वापरलेल्या ब्लिक्समध्ये चांदी उतरलेली असते. ते तिथे ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि हायपोतली, म्हणजे फोटो धुण्याच्या वापरलेल्या रसायनातली चांदी काढणाऱ्याकडे द्या.