ताठरलेले बोकडाचे कातडे मऊ करताना

मीठ आणि तुरटी लावून घरीच राखलेले, केसांसकटचे कातडे वाळून पापडासारखे कडक झाले, की बहुतेकांचा हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. माझ्या मते तेलाचे काम शेवटचे आणि त्या मानाने किरकोळ आहे. कातडे तेलावाचून ताठरत नाही. ओलेपणी सुटे असलेले त्याचे तंतू वाळता वाळता एकमेकांना चिकटतात, आणि त्या वेळी कोणी ते ओढून-ताणून मोकळे केले नाहीत तर तसेच घट्ट बसतात. मऊपणा येतो तो हाताने, आणि तोही कातडे अर्धवट वाळलेले असते तेवढ्या थोड्या तासांत.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या भागात बेरारी जातीच्या बकऱ्या पुष्कळ आहेत. त्यांच्या तांबूस अंगावर कण्याच्या बाजूने काळ्या केसांची रेघ असते आणि तिच्यासाठीच केस राखण्याचा एवढा खटाटोप करावासा वाटतो. रोगाने अचानक मेलेल्या जनावराचे कातडे मात्र कधीही घेऊ नये, कारण काळपुळीचे जंतू कातड्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात. कोणाच्या घरी आजोबांच्या काळातले हरणाचे कातडे असेल, तर त्यावर असले प्रयोग करू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी तो प्रश्न जोडलेला आहे.

कडक झालेले कातडे पुन्हा ओलवावे लागते, पण ते पाण्यात बुडवू नये. तुरटीने राखलेल्या कातड्यातली तुरटी पाण्याने धुऊन निघते, मग ते जवळजवळ कच्चेच उरते आणि केस गळू लागतात. आरा गिरणीतला लाकडाचा भुसा मीठ आणि थोडी तुरटी घातलेल्या पाण्याने ओलसर करून तो फक्त मांसाच्या बाजूने पसरावा, ती बाजू आत येईल अशी घडी घालून कातडे गोणपाटात गुंडाळावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी मानेचा भाग चिमटीत धरून पाहावा, कारण तिथले कातडे सर्वांत जाड असल्यामुळे ओल सर्वांत उशिरा पोचते. मांसाच्या बाजूला पातळ पापुद्रा राहिला असेल तर तो याच वेळी बोथट सुरीने खरवडून काढावा. तो राहिला तर ना पाणी आत शिरते, ना तेल. पोटाकडे आणि काखेत हात हलका ठेवावा, तिथे कातडे सहज फाटते.

खरी मेहनत यानंतर सुरू होते. कातडे सावलीत टांगून ठेवावे आणि ते गार, दमट पण ओघळत नाही अशा अवस्थेला आले, की दोन्ही हातांनी आडवे, उभे आणि तिरपे ताणावे. ताणलेल्या जागी काळपट, ओलसर दिसणारे कातडे एकाएकी पांढरे पडते, कारण तंतू सुटून त्यांच्यामध्ये हवा शिरते. जिथे असा पांढरा डाग उमटतो तिथे काम झाले, आणि जिथे काळपट चकाकी उरते तिथे पुन्हा ताणायचे. बाजेच्या कडेवर मांसाची बाजू टेकवून मागे-पुढे ओढली तर मानेसारखा हट्टी भागही नमतो. पूर्ण वाळेपर्यंत हे थोड्या थोड्या वेळाने करत राहावे लागते. मध्ये सोडून दिलेला भाग पुन्हा कडक होतो, आणि तेवढाच भाग नव्याने ओलवून ताणावा लागतो.

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा हे काम हाती घेऊ नये. ताणायला सवड मिळण्याआधीच कातडे वाळते. पावसाळ्यात उलट ते वाळता वाळत नाही आणि मिठामुळे हवेतली ओल आणखी ओढून घेते. दिवाळीनंतरची थंडी या कामाला सर्वांत सोयीची.

तेल लावायचे ते कातडे किंचित दमट असताना, मांसाच्या बाजूने, कोमट करून आणि अगदी थोडे. मी अंड्याच्या पिवळ्या बलकात थोडे एरंडेल आणि कोमट पाणी फेटून लावतो. बलकात एक तृतीयांशाच्या आसपास स्निग्धांश असतो आणि त्यातल्या लेसिथिनमुळे तेल पाण्यात मिसळून तंतूंपर्यंत पोचते. घरात जवसाचे तेल हाताशी असते म्हणून तेच लावण्याचा मोह होतो, पण ते हवेत सुकून घट्ट होणारे तेल आहे. रंगात आणि वॉर्निशमध्ये ते वापरतात ते याच गुणासाठी, आणि कातड्याला नेमका हाच गुण घातक ठरतो.

काही कातडी मात्र सुधारत नाहीत. कडक उन्हात पसरून वाळवलेल्या कातड्याचे तंतू उष्णतेने वितळल्यासारखे एकजीव होतात. ओलवून ताणले तर ते पांढरे न पडता तडकते. एक कोपरा आधी ओलवून ताणून पाहिला, तर पुढची सगळी मेहनत घ्यायची की नाही हे तिथेच कळते. बाभळीची साल किंवा हिरडा वापरून राखलेले कातडे असेल, तर ते ओलवताना लोखंडी घमेले जवळ आणू नये. लोखंड लागताच त्या रसाचे काळे डाग पडतात आणि फिकट केसांवरून ते निघत नाहीत.

सगळे झाल्यावर पाय घासायच्या दगडाने मांसाची बाजू हलकेच घासावी, केसांत गव्हाचा कोरडा कोंडा चोळून कातडे झटकावे, आणि घडी न घालता कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवून गुंडाळावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ते बांधून ठेवू नये, आत ओल कोंडते आणि बुरशी धरते.