आईचं विमान, मोपा आणि दाबोळी

या एप्रिलमध्ये आई पहिल्यांदाच एकटी विमानाने गेली. वय ७३, गुडघे दुखतात, हातात बटणांचा साधा फोन. ताई बंगळूरला असते, तिच्याकडे महिनाभर राहायला जायचं होतं. आमच्या जिल्ह्यात चिपीचा विमानतळ २०२१ पासून आहे, पण तिथून जमेल अशा वेळेचं विमान मिळालं नाही. म्हणून जाताना गोव्यातला मोपा विमानतळ ठरला. कुडाळहून आम्हाला तेच सोयीचं. झारापपासून महामार्गाने बांदा, पत्रादेवी ओलांडून धारगळला डावीकडे वळलं की थेट विमानतळाचा रस्ता. पहाटे गाडी मोकळी पळते, सव्वा तास पुरतो.

विमान साडेनऊचं होतं. आम्ही सव्वापाचला निघालो. इतक्या लवकर कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. पण आईला घेऊन मला रांगेत धावपळ करायची नव्हती.

खरं काम आदल्या रात्रीच झालं होतं. आईने बॅग भरली होती ती आमच्या पद्धतीने: कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, कोकमं, आगळाची म्हणजे कोकमाच्या रसाची बाटली, सुकं खोबरं आणि वर हापूसची छोटी पेटी. खोबरं काढावं लागलं. त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं, म्हणून सामानाच्या बॅगेत चालत नाही. आईला ते पटेना. "खोबऱ्याक कसली आग लागता?" शेवटी खोबरं घरी राहिलं. आगळाची बाटली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकली. आंब्यांसकट सगळं १५ किलोच्या आत बसवायला वजनकाटा दोनदा काढला.

दुसरं काम व्हीलचेअरचं. आई म्हणत होती, मी काय आजारी आहे का! तिला समजावलं, की हे आजारपणाचं लक्षण नाही. आतलं अंतर मोठं असतं, शिवाय सोबत एक माणूस मिळतो, तोच तपासणीतून नेऊन थेट विमानापर्यंत पोचवतो. ही मागणी विमान कंपनीकडे आधी नोंदवून ठेवावी, निदान ४८ तास तरी. आम्ही तिकीट काढतानाच नोंदवली होती.

आणि तिसरं, एक कागद. त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत विमानाचा क्रमांक, वेळ, ताईचा नंबर आणि माझा नंबर. तो आधार कार्डासोबत तिच्या बटव्यात ठेवला. नंतर हाच कागद कामी आला.

मोप्याला पोचल्यावर मी एक गोष्ट बरोबर केली, असं मला अजूनही वाटतं. गाडी निर्गमनाच्या दारासमोर न थांबवता सरळ पार्किंगमध्ये लावली. दारासमोर मोजकी मिनिटं मिळतात, मागे गाड्यांची रांग असते. सोबत दुसरं कोणी असेल तर तिथे उतरवणं ठीक आहे, एकाने गाडीत बसायचं, दुसऱ्याने सामान उतरवायचं. मी एकटाच होतो. म्हाताऱ्या माणसाला बॅगांसह फुटपाथवर उभं करून गाडी लावायला जाणं मला शक्यच नव्हतं. पार्किंगचे पैसे अशा वेळी वाचवू नयेत.

एसटी स्टँडवर गाडी हलेपर्यंत आपण खिडकीला धरून बोलत राहतो. इथे तसं नाही. तिकीट नसलेल्याला दारातून आत जाता येत नाही. सीआयएसएफच्या जवानाने आईचं तिकीट आणि आधार पाहिलं, नाव अक्षरन् अक्षर जुळवलं. व्हीलचेअर घेऊन एक तरुण आला. मला अजून पाच गोष्टी सांगायच्या होत्या. आईच म्हणाली, "माका सगळा समाजता, तू जा आता." काचेतून ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. नंतर पार्किंगमध्येच बसून राहिलो. तपासणी पार पडल्याचा तिचा फोन आल्यावरच गाडी सुरू केली.

परतीचं तिकीट ताईने काढलं. तिचा मेसेज आला: रविवारी संध्याकाळी साडेपाच, गोवा. मी मोपाच धरून चाललो. शनिवारी रात्री व्हीलचेअरची नोंद आहे ना, हे पाहायला तिकीट उघडलं, तर गोव्यापुढे जीओआय लिहिलेलं. जीओआय म्हणजे दाबोळी, मोपाचा कोड जीओएक्स. ५ जानेवारी २०२३ ला मोप्याहून विमानं सुरू झाली, तेव्हापासून गोव्याला दोन विमानतळ आहेत, आणि तिकिटावर दोन्हीकडे ठळक अक्षरांत गोवाच असतं. ताईचं यात काही चुकलं नव्हतं, तिला स्वस्त आणि वेळेचं दिसलं ते तिने घेतलं. विचारायला हवं होतं ते मी.

दाबोळी म्हणजे आमच्यासाठी गोव्याचं दुसरं टोक. कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, मांडवी, मग जुवारीचा नवा पूल, तिथून वास्कोच्या दिशेने. रविवारी संध्याकाळी पर्वरीत किती वेळ जाईल सांगता येत नाही. दीड वाजता निघालो. म्हापशाला चहाला थांबलो तेव्हा विमानाच्या क्रमांकावरून वेळ पाहिली, वीस मिनिटं उशीर होता.

आगमनाच्या दाराबाहेर देवगडचं एक कुटुंब भेटलं. ते आधी मोप्याला जाऊन तिथून इकडे आले होते. त्यांचा मुलगा तासभर एकटाच बाकावर बसला होता.

विमान पाच पन्नासला उतरलं. मी लगेच आईला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. फलकावर विमान उतरल्याचं दिसतं, पण माणूस बाहेर यायला त्यानंतर बराच वेळ लागतो. व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात, मग पट्ट्यावर बॅगेची वाट. हे मला माहीत होतं, तरी जीव खालीवर होत होता. गाडी मी पार्किंगमध्येच ठेवली होती. माणूस आणि बॅग दोन्ही बाहेर आल्याशिवाय गाडी दाराशी आणण्यात अर्थ नसतो.

सहा पस्तीसला अनोळखी नंबरवरून फोन आला. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा होता. आईने विमानात फोन बंद केला तो पुन्हा सुरू करायला तिला जमलं नव्हतं. तिने बटव्यातून तो कागद काढून त्याच्या हातात दिला होता. मागून तिचाच आवाज आला, "मी भायर येतंय, तू खंय आसस?"

मी दाराच्या समोरच होतो. त्या मुलाने बॅग गाडीपर्यंत आणून दिली. त्याचे आभार मानून गाडीत बसलो, तर आईने कागद नीट घडी करून परत बटव्यात ठेवला. जुवारीच्या पुलावर दिवे लागले होते. ते बघत तिने विचारलं, "घराक पोचाक किती वाजतले? भात लावूक सांग."