तुम्ही विचारलंत म्हणून: बोंतोकच्या डोंगरात मिशन कशाला?

वसईला घरी आले की मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर कुणीतरी विचारतंच, "सिस्टर, फिलिपीन्स तर सगळा ख्रिस्ती देश. तिथे कसलं मिशन?" कॉलेजातल्या मैत्रिणी थेट विचारतात, "आदिवासींना बाटवायलाच जाता ना?" दोघांनाही एकदाच सांगते.

फिलिपीन्समधल्या लुझॉन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेराचे डोंगर आहेत. तीनशे वर्षं राज्य करूनही स्पेनला इथले बोंतोक, इफुगाव, कलिंगा लोक पुरते ताब्यात आणता आले नाहीत. बेल्जियमचे धर्मगुरू १९०७ मध्ये आले, तेही स्पेननंतरच्या अमेरिकी अमलात. १९३२ मध्ये वेगळं मिशनक्षेत्र झालं, १९९२ मध्ये त्याचे तीन भाग. माउंटन प्रॉव्हिन्स आणि इफुगाव मिळून आमचं बोंतोक-लागावे. तो अजून धर्मप्रांत नाही, व्हिकारिएट आहे. पोपच्या नावाने बिशप कारभार पाहतात.

बाटवायला म्हणाल, तर माझ्या वाट्याला आलेल्या घरांत आजोबांच्या पिढीपासून बाप्तिस्मा होता. आम्ही शाळा काढल्या, असं पूर्वी अभिमानाने सांगायचे. आता तेवढ्यावर थांबता येत नाही.

एका गावात एक म्हातारे वारले. रविवारची मिस्सा कधी न चुकवणारे. घरच्यांनी रिवाजाप्रमाणे त्यांना खुर्चीत बसवलं, अंगावर हातमागाचं वस्त्र घातलं. म्हातारी माणसं रात्रभर गात होती, अंगणात डुकरं कापली जात होती. बाहेरून पाहुणे आलेले एक फादर म्हणाले, "आधी शवपेटीत ठेवा, मग मिस्सा." थोरल्या मुलाने आवाज चढवला नाही. मला म्हणाला, "सिस्टर, खाचराचा दगडी बांध रचायला यांनीच शिकवलं, क्रुसाची खूण करायलाही यांनीच. आता यांच्यातलं कुठलं अर्धं पुरू?" फादर बधले नाहीत. मिस्सा झालीच नाही. त्यांची म्हातारी बायको रोझरी, म्हणजे जपमाळ, घेऊन त्या खुर्चीपाशी उजाडेपर्यंत बसून होती.

फादर म्हणजे चर्च नव्हे, हे मी तेव्हाही म्हणत होते. बिशप फ्रान्सिस्को क्लेव्हर बोंतोकमध्येच जन्मले, जेझुइट संघाचे धर्मगुरू आणि मानवशास्त्रज्ञ झाले, पुढे याच व्हिकारिएटचे बिशप. श्रद्धेने लोकांच्या संस्कृतीत रुजावं, हाच त्यांचा आग्रह. इथल्या लोकजीवनाचं बोंतोकचं संग्रहालयही एका बेल्जियन सिस्टरनीच उभं केलं. हे सगळं मी तावातावाने सांगते. मग माझंच मन विचारतं, दारात जे चालत नाही, ते काचेमागे जपून काय मिळवलं?

मुलाने वडिलांना घराजवळच पुरलं. नाताळात मात्र तो आला, बाळाचा बाप्तिस्मा ठरवायला. फादर कोण असतील, हे त्याने आधी विचारून घेतलं.