हळदीच्या दोन क्लिप आणि साठ हजार रुपये

मी कराडला घरी बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. शूट माझं नसतं. आसपासचे चार-पाच फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतात आणि मी त्यातून ट्रॅडिशनल (पूर्ण विधींचा लांब व्हिडिओ), हायलाइट (निवडक क्षणांचा) आणि टीझर (अगदी छोटी झलक) काढून देते. तुळशीचं लग्न लागलं की आमची सराई सुरू. गेल्या सराईत जुन्या लॅपटॉपनं मान टाकली. मंगलाष्टकांना दोन कॅमेरे एकत्र लावले की आवाज पुढे आणि चित्र मागे. 'सावधान' ऐकू येऊन अक्षता पडेपर्यंत मी चहाचा घोट घेऊन यायची.

पण मला खरा दणका दिला तो स्क्रीननं. एका नवरीचा शालू मोरपंखी होता. माझ्या स्क्रीनवर तो धुतल्यासारखा फिका दिसायचा, म्हणून मी रंग चढवत गेले. पेनड्राइव्ह त्यांच्या टीव्हीला लागला आणि संध्याकाळी मुलीच्या आईचा फोन आला. "ताई, शालू असा पेटल्यासारखा का दिसतोय हो? आणि आमच्या ह्यांना काय ताप आला होता का, तोंड एवढं लाल?" पूर्ण तीन तासांचा व्हिडिओ परत ग्रेड केला, म्हणजे रंग नव्यानं जुळवले. पैसे अर्थातच एकदाच मिळाले.

तेव्हा ठरवलं, नवा लॅपटॉप घ्यायचा, साठ हजारांच्या वर जायचं नाही, आणि दुकानात जाताना आपलं फुटेज सोबत न्यायचं. पेनड्राइव्हवर हळदीच्या दोन क्लिप घेतल्या, सोबत त्या चालवायला व्हीएलसी प्लेअर. पुण्यात भावाकडे मुक्काम टाकला आणि दोन दिवस दुकानं पालथी घातली.

पहिल्याच दुकानात पोरगा म्हणाला, "मॅडम, एडिटिंग म्हणजे आय सेव्हनच घ्या." समोर ठेवला तो इंटेलच्या आय सेव्हन-१२५५यू प्रोसेसरचा लॅपटॉप. आता त्या शेवटच्या 'यू'कडे बघायला मी शिकले होते. 'यू' म्हणजे बॅटरी वाचवणारा, १५ वॉटवर चालायला बनवलेला प्रोसेसर. मेल आणि एक्सेलला उत्तम. त्याच पिढीतला आय फाइव्ह-१२४५०एच हा ४५ वॉटचा. किरकोळ कामात फरक जाणवणार नाही, पण तीन तासांचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की 'यू'वाला दमतो. स्टिकरवर मात्र सात हा आकडा पाचापेक्षा मोठा दिसतो, आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं.

भावाचं म्हणणं होतं एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचा घे, त्याच पैशात जास्त मिळतं. त्याच्या कोडिंगला ते खरंही असेल. माझा अडथळा वेगळा आहे. माझ्याकडे येणारं बरंचसं फुटेज सोनी ए सेव्हन थ्री कॅमेऱ्याचं, म्हणजे ८ बिट, एच.२६४ या जुन्या, सोप्या प्रकारचं, ते कुठलाही लॅपटॉप चालवतो. पण एका फोटोग्राफरनं कॅनन आर सिक्स घेतला आणि तो लॉगमध्ये (रंग नंतर चढवता यावेत म्हणून मुद्दाम फिकं) शूट करतो, तेव्हा फाइल येते एच.२६५, १० बिट, ४:२:२, म्हणजे रंगांची माहिती जास्त आणि जास्त दाबून भरलेली. हे प्रकरण नाजूक. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डांची ३० आणि ४० ही सिरीज ते हार्डवेअरवर उलगडत नाही, रायझनचं ग्राफिक्सही नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढचं आतलं साधं ग्राफिक्स मात्र ते उलगडतं आणि माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमिअर त्याचा वापर करतं. म्हणजे ज्या ग्राफिक्सला सगळे 'काही कामाचं नाही' म्हणतात, तेच माझ्या कामाचं निघालं. कुणाच्या कॅमेऱ्यातून कसली फाइल येते हे बघितल्याशिवाय लॅपटॉपचा सल्ला देणाऱ्याचं मी आता ऐकत नाही.

मग स्क्रीन. दुकानात चार लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवायला लावले आणि चारहीवर तीच हळदीची क्लिप. तीन ठिकाणी हळद मळकट. नवरीच्या गालावरची आणि हातावरची हळद एकच दिसत होती, कातडी कुठे संपते आणि हळद कुठे सुरू होते ते कळेना. त्या तिन्हींच्या माहितीत बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं, म्हणजे स्क्रीन रंग कमी दाखवते. चौथा १०० टक्के एसआरजीबीचा, म्हणजे नेहमीच्या व्हिडिओतले जवळजवळ सगळे रंग दाखवणारा. त्याच्यावर ओली हळद आणि वाळलेली हळद वेगवेगळी दिसली, बोटांच्या पेरांत अडकलेलीसुद्धा. पोरगा वाकून बघत म्हणाला, "हे आम्हीपण कधी लावून बघितलं नव्हतं."

तोच घेतला. १२४५०एच, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड चार जीबी मेमरीचं, ५१२ जीबी एसएसडी (आतली डिस्क), किंमत घासाघीस करून सत्तावन्न हजार. मी १०८० पीच्या (फुल एचडी) टाइमलाइनवर काम करते, कारण शेवटी तो व्हिडिओ पेनड्राइव्हवरच जातो, त्यामुळे कार्डाच्या चार जीबीवर भागतं. फोर केमध्येच डिलिव्हरी देणाऱ्यांनी हे कार्ड घेऊ नये.

रॅम फक्त आठ जीबीची आली, तीही एकच पट्टी. पण दुसरा स्लॉट रिकामा आहे हे आधीच विचारून घेतलं होतं. रॅम बोर्डावर चिकटवलेली आणि स्लॉट नाही, असं असतं तर कितीही स्वस्त असता तरी सोडला असता. उरलेल्या पैशांतून आठची दुसरी पट्टी आणून लावली. सोळा झाली, आणि दोन पट्ट्या एकत्र चालत असल्यामुळे वेगही वाढला.

जागेचं गणित मात्र सुटलेलं नाही. १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, चार तास, झाले ३६० जीबी. आतल्या डिस्कवर एका वेळी एकच लग्न मावतं. फोटोग्राफरच्या फिरत्या हार्ड डिस्कवरून थेट एडिट करायला गेलं की मल्टिकॅम (दोन कॅमेरे एकत्र) पुन्हा अडखळतो, म्हणून आधी कॉपी, मग काम, मग पुसणं. दुसरी एसएसडी लावायला आत जागा आहे, पैसे नाहीत.

आणि पंखा! एक्सपोर्ट लावला की असा घोंघावतो की सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात, "मिक्सर कुणी चालू ठेवलाय गं?" परवा एक्सपोर्ट संपून पंखा गप्प झाला, तर त्याच आत येऊन म्हणाल्या, "झालं का लग्न?"