फलाटावरून

लहानपणी आम्ही चार मुले भुसावळच्या फलाटावर एका नटासाठी दीड तास ताटकळत उभी होतो. मुंबईकडून येणाऱ्या गाडीच्या एसी डब्यात तो आहे, अशी बातमी कुणी तरी आणली होती आणि ती खरी आहे का, हे विचारण्याची गरज कुणालाही वाटली नव्हती. गाडी आली, आम्ही काळ्या काचेला नाके लावली, आत पडदा हलल्याचा भास झाला आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र त्याच्या मनगटावरचे घड्याळ कसे होते, इथपर्यंत सगळे वर्णन आम्ही करून टाकले.

पुढे सत्यजित राय यांचा 1966 चा ‘नायक’ पाहिला, तेव्हा ती काच मला पहिल्यांदा आतल्या बाजूने दिसली. उत्तमकुमारने साकारलेला अरिंदम मुखर्जी हा नट पुरस्कार स्वीकारण्यासाठी कलकत्त्याहून रेल्वेने दिल्लीला निघाला आहे. तो मार्ग आमच्या भुसावळवरून जात नाही, तरीही खिडकीबाहेरची माणसे मला ओळखीची वाटली. त्याला स्वप्न पडते आणि त्यात तो नोटांच्या ढिगाऱ्यात रुतत जातो. शर्मिला टागोरची अदिती ही पत्रकार त्याच्याशी बोलत बोलत त्याच्या मनातली भीती, जुने अपराध, सगळे ऐकून घेते आणि शेवटी आपली टिपणे फाडून टाकते. तिला सगळे ठाऊक होते आणि तिने काही छापले नाही. आम्हाला काहीच ठाऊक नव्हते आणि आम्ही घड्याळासकट सांगितले.

प्रसिद्धीविषयीचे बहुतेक चित्रपट असे डब्याच्या आतून घेतलेले असतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण कॅमेऱ्यामागचा माणूस त्याच डब्यातून प्रवास करत असतो. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (1959) कितीही देखणा असला, तरी त्यातली गर्दी ही केवळ विसरून जाणारी गर्दी आहे, आणि तिथे मी थोडा रुसतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘गुड्डी’ने (1971) निदान फलाटावरच्या एका मुलीला नाव दिले, घर दिले आणि तिच्यासमोर धर्मेंद्रला धर्मेंद्र म्हणूनच उभे केले. त्यातली समजूत घालण्याची पद्धत जरा शिकवणीच्या वळणाची आहे, हे मान्य.

मालेगावने तर फलाट आणि डबा हा भेदच ठेवला नाही. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख गावातच बनणाऱ्या एका चित्रपटात सुपरमॅन होतो, आणि त्या चित्रपटाचे दिग्दर्शक नासिर शेख त्याला जमेल त्या जुगाडाने आकाशात उडवतात. त्याची चित्रफीत पाहणारे लोक त्याच्याच गल्लीतले, त्यामुळे काचेला नाक लावण्याचा प्रश्नच येत नाही. पडद्यावर उडणारा माणूस कालच चहाच्या टपरीवर भेटलेला असतो.

आमच्या आजीचा हिशेब याहून सरळ होता. ती अमळनेरकडची. स्मिता पाटील यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, एवढ्या आधारावर तिने त्यांना ‘आमनी पोर’ करून टाकले होते, जरी प्रत्यक्ष भेट कधीच झाली नव्हती. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (1977) तिने पाहिला तो भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, शेजारच्या बायकांना न बोलावता, कारण ‘पहिले मी पाही लेस’. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून घेतलेली ती कथा आहे, हे तिला सांगूनही तिच्या लेखी पडद्यावर शिरपूरचीच मुलगी वावरत होती. सेटवरचा नाच, दिवे, टाळ्या तिने कौतुकाने पाहिल्या. पुढे नवरा, प्रियकर, दिग्दर्शक, वाड्यात कोंडणारा जमीनदार असे एकेक पुरुष येत गेले, तशी तिची जपमाळ थांबत गेली. स्मिता पाटील यांनी साकारलेली उषा एका हॉटेलच्या खोलीत एकटी उरली, तेव्हा आजीने एवढेच विचारले, ‘तिले घर नही का?’

सकाळी ओट्यावर बायका जमल्या. आजीने त्यांना नाच सांगितला, साड्यांचे रंग सांगितले, पोर कशी ठसक्यात चालते ते उठून चालून दाखवले. हॉटेलची खोली तिने सांगितली नाही.