आमची वाटचाल : दूध बिल ते बँकेचा एपीआय

२०१२ ला इचलकरंजीत चुलत्यांच्या लूमशेडला लागून एक खोली होती, तिथं सुरुवात केली. दूध संस्थांचं सॉफ्टवेअर. फॅट-एसएनएफवरून (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) दर काढायचा, दहा दिवसांचं बिल छापायचं, बास. नोटाबंदीनंतर मात्र सगळ्या संस्थांना बिलं खात्यावर टाकायची घाई झाली आणि क्लार्क बिचारा एक्सेल करून नेटबँकिंगला बल्क अपलोड मारत बसायचा, त्यात आयएफएससीचं (बँकेच्या शाखेचा कोड) पाचवं अक्षर शून्य असतं तिथं हे ओ टाकणार आणि फाईल परत येणार.

२०१७ ला एका बँकेनं एपीआय, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरनं थेट बँकेच्या सिस्टीमशी बोलायची सोय, दिला. दिला म्हणजे पीडीएफ पाठवली. मग मी आणि माझ्या तेव्हाच्या पार्टनरनं मिळून जावामधे स्वतःची क्लायंट लायब्ररी लिहिली, म्हणजे वरच्या अॅप्लिकेशननं फक्त खातं, रक्कम द्यायची, बाकी डिजिटल सही, एन्क्रिप्शन (मजकूर गुप्त करणं), सर्टिफिकेट (आमची ओळख पटवणारी डिजिटल फाईल) सगळं लायब्ररी बघणार. ऐकायला सोपं वाटतं. पहिले चार दिवस नुसतं 'सिग्नेचर मिसमॅच', म्हणजे सही जुळत नाही. सहीची किल्ली बरोबर, ती ठेवलेली फाईल (कीस्टोअर) बरोबर, ओपनएसएसएल नावाच्या टूलनं हातानं सही करून पोस्टमन या टेस्टिंगच्या टूलमधून पाठवली की जातंय, आमच्या कोडमधून जात नाही! चौथ्या रात्री कळलं की आम्ही जेसनवर, म्हणजे पेमेंटची माहिती ज्या मजकुरात जाते त्यावर, सही करत होतो आणि पाठवताना नेटवरून पाठवणारं एचटीटीपीवालं पॅकेज तेच जेसन परत नव्यानं बनवत होतं, मधे एक स्पेस वाढत होती. एक स्पेस! ज्या बाइट्सवर सही केली तेच बाइट्स पाठवा, हे मी आता नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. आणि रक्कम पैशात, पूर्णांकात ठेवा, डबलमधे (दशांशाच्या प्रकारात) ठेवू नका, दूध बिलात पैशाचा फरक पडला तरी सेक्रेटरी रात्री अकराला फोन करतो.

पहिलं गिऱ्हाईक आण्णा. शिरोळकडं त्यांची संस्था, ३४० उत्पादक. बँकेनं व्हाइटलिस्ट केलेला, म्हणजे परवानगी दिलेला, स्टॅटिक आयपी (नेटचा कायमचा पत्ता) आमच्या ऑफिसचा, आणि एकदा गटारीच्या कामात जेसीबीनं केबल तोडली तर दोन दिवस पेमेंट बंद, तरी आण्णा चिडले नाहीत, मिसळ खाऊन गेले.

आता मुख्य गोष्ट. २०१९, धनत्रयोदशी, शुक्रवार संध्याकाळ. दिवाळीचं फरक बिल, म्हणजे वर्षाच्या दुधाच्या दरातला उरलेला फरक. एनईएफटी तेव्हा चोवीस तास नव्हतं, ते डिसेंबरात झालं, म्हणून आयएमपीएसनं (लगेच, कधीही पैसे पाठवायची सोय) सोडलं. बँकेचा सर्व्हर हळू झाला, तीस सेकंदांत उत्तर नाही आलं की लायब्ररी टाइमआउट समजून परत पाठवायची, आणि परत पाठवताना रेफरन्स नंबर नवा बनायचा, कारण तो सेंडच्या आतच बनवला होता. बँकेच्या दृष्टीनं ते दुसरंच पेमेंट. ७१ जणांना दोनदा पैसे गेले, २ लाख ८० हजारांच्या वर. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, मग रविवारी लक्ष्मीपूजन, सोमवारी पाडवा. तीन दिवस बँकेत फोन उचलायला कोणी नाही, आणि आयएमपीएसचे पैसे एकदा खात्यात पडले की मागं ओढता येत नाहीत.

रिट्रायचा, म्हणजे परत पाठवायचा, तो भाग पार्टनरनं लिहिला होता. तपासला मी नव्हता, हे पण खरं. पण त्याच आठवड्यात तो सगळा सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, पेनड्राइव्हवर घेऊन गेला, पुढच्या महिन्यात स्वतःची कंपनी काढली आणि आमच्याच संस्थांमधे जाऊन सांगायला लागला की त्यांच्याकडं पैसे डबल जातात. ११ संस्था गेल्या. दोन पोरांचा पगार मी बायकोच्या पाटल्या ठेवून केला.

मी आण्णांकडं गेलो तेव्हा ते धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "अरं, पैसं कुठं पळाल्यात? आपल्याच माणसांच्या खात्यात हाईत न्हवं? पुढच्या बिलात कापू." चार बिलांत कापले. सहा-सात जणांनी तेवढे दिवस दुसरीकडं दूध घातलं, नंतर आले परत.

त्यानंतर नियम केला. रेफरन्स नंबर आधी डेटाबेसमधे लिहायचा, मग बँकेला हाक मारायची. टाइमआउट म्हणजे फेल नाही, टाइमआउट म्हणजे माहीत नाही. आधी स्टेटस विचारायचं, आणि परत पाठवायचंच झालं तर त्याच रेफरन्सनं. तुम्ही पेमेंटचं काही करत नसाल तरी कुठंतरी लिहून ठेवा, कामाला येईल. सर्टिफिकेट संपायची तारीख पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, मोबाईलच्या रिमाइंडरवर माझा विश्वास नाही.

मधली वर्षं काय, बिलं जात राहिली. आज ४६ संस्था आहेत.

गेल्या महिन्यात एका संस्थेचा क्लार्क लॉग (सॉफ्टवेअरच्या नोंदी) घेऊन आला, त्याच्या पेमेंट अडकल्या होत्या. सॉफ्टवेअर आमच्या जुन्या पार्टनरचं. एरर मेसेजमधे 'बेनिफिशियरी'चं स्पेलिंग चुकलेलं, एक आय कमी. ती चूक माझी, २०१७ ची, मी आमच्याकडं कधीच दुरुस्त केली. सर्टिफिकेट संपलेलं होतं, दहा मिनिटांचं काम. करून दिलं आणि जीएसटीसकट बिल लावलं.